पान तिसरं : कधी जायचं

“तिला म्हाइत होता का, मी वाचला नाय ते?”

हा प्रश्न धनेशनं पहिल्यांदा मला विचारला. बऱ्याच दिवसांनी आईला, मग बापाला, मग त्याचा दोस्त हरेश याला. आई पदर तोंडाला लावून आत गेली, बाप जाळं विणत राहिला, हरेश म्हणाला, “चल, चहा मारू.” आणि मला तर तोंडच नाही.

मी एक वेबसाइट आहे. ‘चिखलावरची पावलं’ हे माझं नाव. गव्हाणच्या समृद्धीनं नववीत असताना मला बनवलं. ती धनेशची धाकटी बहीण. आज ती नाही. मीही आता थोड्या दिवसांची सोबती आहे. जायच्या आधी बोलून घेते.

मला स्वतःहून डोळे उघडता येत नाहीत. कुणी उघडलं की मी जागी होते. समोर जे घडतं, बोललं जातं ते टिपते, मिटलं की झोपते. तेवढ्या जागेपणात मला जे कळलं आणि जे मागाहून कानावर आलं ते सांगते.

माझा जन्म शाळेतल्या एका प्रोजेक्टमुळे झाला. संगणकाच्या तासाला हेतल मॅडमनी फळ्यावर लिहिलं : ‘माझा छंद. वेबसाइट तयार करा.’ कुणी मेंदी घेतली, कुणी केक, कुणी नाच. एका मुलीनं ‘झोप’ हा छंद घेतला, तो मॅडमनी नामंजूर केला. समृद्धीनं जो छंद सांगितला तो मॅडमना दोनदा विचारावा लागला.

ओहोटी झाली की खाडीचा चिखल उघडा पडतो, नुकत्या सारवलेल्या अंगणासारखा. त्याच्यावर रात्रीपासून कोण कोण चालून गेलं ते दिसतं. निवटी मासा शेपटी ओढत जातो त्याची नागमोडी रेघ. चिंबोरीच्या टोकदार पायांची दोन ओळींत टिंबं. बगळ्याची लांब बोटं. समृद्धी त्यांचे फोटो काढायची. आकार कळावा म्हणून ठशाशेजारी काडेपेटी ठेवायची. घरात एकच चांगला फोन होता, आईचा. आई दमयंती सकाळी उलव्याच्या नाक्यावर मासळी विकायची. दुपारी फोन घरी यायचा तो मासळीचा वास घेऊनच. त्याच फोनवर मी जन्मले.

चिखलात ती एकटी कधीच गेली नाही. दादूस म्हणेल तेव्हा उतरायचं, दादूस म्हणेल तेव्हा फिरायचं. दादूस म्हणजे धनेश, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. बापाबरोबर खाडीत जाळं टाकणारा, मधल्या वेळात उलव्याला इमारतींच्या कामावर जाणारा. चिखलात टाच आधी टेकवायची नाही, उभं राहायचं नाही, पाय रुतलाच तर आडवं व्हायचं, हे त्यानंच तिला शिकवलं.

“दादूस, थांब ना जरा. ह्यो कुणाचा पाय हाय?”

“बगल्याचा.”

“बगल्याचा एवरा मोठा?”

“मंग तुज्या मॅडमचा आसंल. चल, पाणी फिरला.”

पाणी फिरलं, म्हणजे भरती सुरू झाली, हे त्याला कसं कळायचं, हे तिनं कधी विचारलं नाही. तो चल म्हणाला की ती काडेपेटी उचलायची.

धनेशनं सहावीत शाळा सोडली होती. वर्गात मोठ्यानं वाचायला उभा केला, तीन ओळींत तो सात वेळा अडखळला, वर्ग हसला. त्यानं पुस्तक बाकावर आपटलं आणि खिडकीतून दप्तर बाहेर टाकून स्वतःही गेला. असा होता तो. जे करायचं ते आधी, विचार नंतर. पुढे त्याला अक्षरं ओळखू यायची, पण ओळ मोठी झाली की ती त्याच्यासमोर मुंग्यांसारखी पळायची. त्यानं साधा उपाय शोधला. कुणी काही लिहून पाठवलं की तो म्हणायचा, “मेसेज नको, आवाज टाक.” हरेश त्याला ‘आकाशवाणी’ म्हणायचा.

समृद्धी त्याच्याबरोबर कुठे गेली की दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायची. तिला तशी सवय होती, की तिला सगळं कळलं होतं, कोण जाणे.

माझी दोन पानं तयार झाली. पहिल्या पानावर ती स्वतः. दुसऱ्यावर बावीस ठसे. तिसऱ्या पानाला तिनं नाव दिलं, ‘कधी जायचं’. त्याच्यासाठी तिला दादूस हवा होता.

त्या दिवशी गावदेवीच्या मैदानात सामना होता. धनेश बॅट घेऊन निघालेला. बाहेर हरेश मोटारसायकलचा हॉर्न वाजवत होता.

“दादूस, भरतीची वेल कशी कारतात?”

“तिथीची पाऊणपट. अष्टमी आसंल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती. सहा तास उतरतो, सहा तास चरतो. झाला.”

“आनि मंग?”

“मंग काय? मंग परत तेच. समू, मना जाव दे.”

तिनं भराभर लिहिलं. तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ मिळेल. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. इथपर्यंत सगळं खरं. पुढे तिनं स्वतःच्या मनानं एक ओळ जोडली : ‘ओहोटी झाली की पुढचे सहा तास चिखल मोकळा असतो. आरामात फिरा!’

पाणी सहा तास चढतं, म्हणजे सहा तासांनी येतं, असा तिनं अर्थ लावला. पण पाणी थांबत नाही. ओहोटी संपली की लगेच फिरतं. आणि आमच्या बाजूला ते समोरून येत नाही. तिवरांच्या झाडांमधून एक नाला जातो, त्यातून ते पाठीमागून येतं. माणूस खाडीकडे तोंड करून उभा असतो, समोर कोरडं दिसत असतं, आणि पाठीमागे त्याची परतीची वाट बुडालेली असते. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच कुणी कुणाला ते सांगत नाही. समृद्धीला ठाऊक नव्हतं, कारण दादूसनं तिला नेहमी वेळेत फिरवून आणलं होतं.

तिनं फोन त्याच्या हातात दिला. “एकदा वाच ना. बरोबर हाय का ते सांग. मंग टाकते.”

त्यानं मला हातात धरलं. अंगठ्यानं वर सरकवलं, खाली सरकवलं. मला त्याच्या अंगठ्याचा घाम लागला. ओळी पळत होत्या. बाहेर हॉर्न वाजत होता. समोर बहीण उभी होती, वर्गात पहिली येणारी.

“एकदम बरोबर. टाक.”

“नक्की?”

“आगो, टाक सांगतो ना!”

आणि तो गेला. सामन्यात त्यानं एकवीस धावा काढल्या. तो हे अजून विसरलेला नाही. त्या धावा आठवल्या की तो स्वतःच्या मांडीवर मूठ मारून घेतो.

मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. हेतल मॅडमनी माझी लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली. ‘स्थानिक ज्ञानाचा सुंदर वापर’ असं लिहिलं. तिथून मी पुढे गेले, नवीन पनवेल, सुकापूर, कुठे कुठे. माझ्या तळाशी एक आकडा आहे, किती जण येऊन गेले ते दाखवणारा. समृद्धी रोज संध्याकाळी तो आईला सांगायची. “आये, एकशेबारा झाली!” दमयंती मासळीचं टोपलं घासत म्हणायची, “एवऱ्या लोकांनी निवट्या घेतल्या असत्या तर बरा झाला असता.”

नवरात्रात समृद्धीला ताप आला. डेंग्यू. दवाखाना, मोठा दवाखाना, बाटल्या, रक्ताची धावपळ. धनेशनं दोनदा रक्त दिलं. पाचव्या दिवशी ती गेली. मला याहून जास्त माहीत नाही. त्या पाच दिवसांत घरातल्या कुणी मला उघडलं नाही.

ती गेली त्या दिवशी आईचा फोन सारखा वाजत होता. नातेवाईक, वर्गातल्या मुली, मासळीची गिऱ्हाइकं. “खरं का हो?” असं एकानं विचारलं आणि धनेशनं फोन ओट्याच्या दगडावर आपटला. एकदा नाही, तीनदा. माझी चावी त्या फोनमध्ये होती. मी जिवंत राहिले, कारण मी त्या फोनमध्ये राहत नव्हते. पण मला आतून उघडणारं दार त्या दगडावर संपलं. तेव्हा हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग दमयंती रोज संध्याकाळी धनेशच्या फोनवर मला उघडायला लावू लागली. तिला वाचायचं नसायचं. समृद्धीचा फोटो बघायची आणि विचारायची, “आज किती झाली?”

“दोनशे चालीस.”

“काल?”

“दोनशे तीस.”

“म्हंजे धा जनी भेटून गेली तिला.” मग ती जेवायची.

त्या दहांतले आठ धनेशच असायचा. कामावर, नाक्यावर, होडीत, तो मला उघडायचा आणि मिटायचा, उघडायचा आणि मिटायचा. आकडा चढावा म्हणून. पहिलं पान, फोटो, बस. तिसऱ्या पानावर तो कधी गेला नाही.

पौषातला एक रविवार. तिथी द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातला. नऊ वाजता मी मितेश नावाच्या माणसाच्या हातात उघडी होते. सुकापूरला राहणारा, बरोबर बायको आभा आणि सात वर्षांची मुलगी. मुलगी खूश होती. दुसऱ्या पानावरचे ठसे ती चिखलात शोधत होती आणि सापडला की किंचाळत होती. मला वाटलं, समृद्धीनं हे बघायला हवं होतं.

लांबून हाक आली. “ओ दादा! मागं फिरा! पाणी फिरला!”

धनेश होता. जाळ्याचे खुंट बघून परतत होता.

मितेशनं हात हलवला. “अहो, दीडपर्यंत वेळ आहे! चेक करून आलोय!”

“कुणी सांगला?”

“वेबसाइटवर आहे!”

“ती वेबसाइट घाला चुलीत! पाठी बघा, पाठी!”

त्यांनी मागे बघितलं. ज्या नाल्यातून ते सुकी चप्पल घालून आले होते, त्याच्यात पाणी होतं. आभानं मुलीला जवळ ओढलं. मितेश धावायला गेला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. धनेश आला तो पोटावर घसरत, चिखलावर टेकायची फळी पुढे सारत. पोरीला त्यानं मानेवर घेतलं, मितेशला आडवं व्हायला लावलं, आभाचं मनगट धरलं. नाला ओलांडताना पाणी त्याच्या छातीला लागत होतं. मी मितेशच्या वर केलेल्या हातात होते, म्हणून वाचले.

बांधावर आल्यावर आभानं आधी मुलीला चाचपून बघितलं. आणि मग ती चिडली. भ्यालेली माणसं अशीच चिडतात. तिनं नवऱ्याच्या हातातून फोन ओढला आणि मोठ्यानं वाचलं, “‘ओहोटी झाली की पुढचे सहा तास चिखल मोकळा असतो. आरामात फिरा!’ आरामात फिरा म्हणे! कोण आहे ही? समृद्धी, इयत्ता नववी. हिला ना, कुणीतरी दोन फटके द्यायला हवेत!”

धनेशनं तिसरं पान तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

“तिला काय बोलू नका,” तो म्हणाला. “फटके मना द्या.”

त्यांना काही कळलं नाही. तो फळी तिथेच टाकून निघून गेला. त्या दुपारी त्यानं मला उघडलं आणि तो प्रश्न विचारला, तिला म्हाइत होता का.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. सहावीनंतर पहिल्यांदा. “मॅडम, एकच ओल बदलायची हाय. एकच.”

हेतल मॅडमनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “अरे, मी पण चेक नाही केलं. मी फॉन्ट बघितले, कलर बघितले. मला खाडीतलं काय कळतं? बरं, अकाउंट तिचं स्वतःचं आहे. पासवर्ड?”

“फोनमधी होता.”

“फोन आण.”

“फोरला मी.”

मॅडमनी साइटच्या कंपनीचे नियम उघडून वाचले. मग म्हणाल्या, “कंपनी दुसऱ्या कुणाला आत जाऊ देत नाही. एकच रस्ता आहे. ती गेली म्हणून कळवायचं. कागद जोडायचे. मग ते बंद करतात.”

“ते पान?”

“नाही रे. अख्खी साइट. फोटो आधी उतरवून घेऊ आपण. पण साइट जाईल.”

फोटो घेता येत होते. पण आकडा? रोज जेवायच्या आधी आई काय विचारणार?

त्यानं घरी काही सांगितलं नाही. त्याऐवजी प्रत्येक ओहोटीला तो बांधावर जाऊन बसू लागला. कामावर दांड्या. कुणी अनोळखी दिसलं की हाकलायचं. असे बारा-तेरा दिवस गेले. एकदा बाप आनंदा त्याच्या शेजारी येऊन बसला. आनंदा फार बोलत नाही, पण हाकललेल्या लोकांकडून वेबसाइटचं त्याच्या कानावर आलं होतं.

“इकरं तू बसतंस. उलव्याच्या अंगानं कोन उतरला तर?”

धनेशनं उलव्याच्या बाजूला बघितलं.

“पाणी कुनाची बहीण बघत नाय,” आनंदा म्हणाला आणि उठला.

त्या संध्याकाळी धनेशनं आईला सांगितलं. ती भडकली. “माजी पोर चुकीचा लिवनार नाय! सगल्या शालेत पयली येत होती ती!”

“तिनी मना दाखवला होता, आये. मी वाचला नाय. वाचता येत नाय मना नीट. लाज वाटली. बरोबर हाय बोललो.” मग सगळं एकदम बाहेर आलं, ते तिघं, नाला, मानेवर घट्ट बसलेली पोर, मॅडमनी सांगितलेला रस्ता.

दमयंतीनं हातातलं टोपलं खाली ठेवलं. मग ओले हात पुसून ती उंबऱ्यावर बसली. “वाच मना. सगला. पयल्यापासून.”

तो वाचू लागला. बोटानं, अक्षर अक्षर जोडत. ‘माझे नाव समृद्धी’ याला त्याला केवढा वेळ लागला. वाचताना त्याला घाम फुटत होता, पण तो थांबला नाही, आणि कुणी हसलं नाही. बावीस ठशांची बावीस नावं त्यानं वाचली. सातव्या ठशाखाली लिहिलं होतं, ‘दादूस म्हणतो हा मॅडमचा पाय आहे.’ दमयंती हसली आणि लगेच रडली. शेवटी तिसरं पान. ‘आरामात फिरा’ हे त्यानं वाचलं तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती.

“एवरा लिवला माज्या पोरीनं?”

“हां.”

“आनि एकच चुकला?”

“एकच.”

“मंग जा,” ती म्हणाली. “बंद कर.”

त्या दिवशी तिनं आकडा विचारला नाही.

माणसांची एक सवय मी पाहिली आहे. ज्याला येत नाही तो ‘येत नाही’ म्हणत नाही, आणि ज्याला सगळं ठाऊक असतं तो ते बोलून दाखवत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच असणार असं त्याला वाटतं. या दोघांच्या मधल्या जागेत माझं तिसरं पान लिहिलं गेलं. मी तेच पान घेऊन चार महिने घरोघर फिरले. ते खोडायला मला हात नव्हते. मला याचं फार वाईट वाटतं. एका पोरीला मी जवळजवळ घेऊनच गेले होते.

तुमच्यापैकी कुणी माझे फोटो काढून ठेवले असतील तर दुसरं पान जपा. ते खरं आहे, एकूण एक ठसा खरा आहे. तिसरं पान मात्र आजच पुसून टाका, आणि ज्यांना पाठवलं असेल त्यांना तसं कळवा. कुणाला काही वाचायला द्याल तर त्याच्या हातात देऊन उभे राहू नका. शेजारी बसा, आणि मोठ्यानं वाचा. लाजलेला माणूस कशालाही बरोबर म्हणतो. आणि गव्हाणला आलात तर गावातल्या कुणालाही विचारल्याशिवाय चिखलात उतरू नका. लोक हसतील, पण सांगतील.

अर्ज भरायला धनेश हेतल मॅडमकडे गेला. मॅडम म्हणाल्या, “तू बोल, मी टाइप करते.”

“नको,” तो म्हणाला. “मी लिवतो.”

नाव लिहिलं. मृत्यूच्या दाखल्याचा फोटो जोडला. ‘मृत व्यक्तीशी नातं’ असं विचारून खाली मोठी यादी होती. पत्नी, पती, आई, वडील, मुलगा, मुलगी. तो एकेका शब्दावर बोट ठेवत खाली उतरला आणि ‘भाऊ’ सापडल्यावर तिथे थांबला. मग कारणाची रिकामी चौकट आली. मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या. तो एका बोटानं लिहीत होता :

‘या साइटवर पाण्याची वेळ चुकीची आहे. लोक बुडतील. चूक माझी आहे. माझ्या बहिणीची नाही. बंद करा.’

बटण दाबण्याआधी त्यानं ते पहिल्यापासून वाचलं. तीन वेळा.